सहमत, असहमत

सू, ओंटारियो
१७ मार्च १९८४

प्रिय ताइमी,

परवा तुझ्याकडून निघाले ती पुलावर तासभर अडकले. वाऱ्यामुळे पूल बंद ठेवला होता. गाडीत बसल्या बसल्या तू बांधून दिलेला वेलदोड्याचा गोड पाव, अख्खा पुल्ला, मी एकटीने फस्त केला. घरी पोचले तर नवरोबा आर्वो दारातच उभा, "बहिणीने काय दिलं?" म्हटलं, "आशीर्वाद." तो म्हणाला, "ओठांना साखर लागलीये आशीर्वादाची."

काम संपलं एकदाचं. तीस घरं आमच्या सूमधली, तीस पलीकडे अमेरिकेत, तुमच्या सूमधली. नदीच्या दोन्ही काठांना एकाच नावाची गावं, म्हणून टोरांटोच्या ऑफिसने दोन्ही माझ्याच गळ्यात बांधली. मी वाक्य वाचायचं, समोरच्याने 'सहमत' की 'असहमत' एवढंच सांगायचं. आठ वर्षांनी पुन्हा हीच वाक्यं, पुढे पुन्हा आठ वर्षांनी. शेजारी शेजारी राहून दोन देश एकमेकांसारखे होत चाललेत की वेगळे, ते त्यातून कळणार म्हणे.

एका वाक्यावर सगळ्यांना तोंड फुटतं. 'घरात शेवटचा शब्द बापाचाच असायला हवा.' आमच्याकडे तीसपैकी बारा सहमत, तुमच्याकडे चौदा. फरक काय तर दोन घरांचा! आपल्या बाबांना विचारलं असतं तर त्यांनी आधी आईकडे बघितलं असतं, मग घसा खाकरून सहमत म्हटलं असतं.

तुझी ती शेजारीण, विल्मा पोस्टमा, कसली बाई आहे गं! हातात बायबल, कमरेला ॲप्रन. म्हणाली, "लिही, पूर्ण सहमत. जहाजाला कप्तान एकच. दोन कप्तान दाखव, मी तुला बुडालेलं जहाज दाखवते." आणि तिचा कप्तान मागे बूट हातात घेऊन उभा, "विल्मा, मी आत येऊ का? फरशी वाळली का?" घरी येऊन नक्कल केली तर आर्वो हसून हसून पडायचा बाकी. असली माणसं आता तुमच्याकडेच उरली आहेत हं.

एक विचारू? नातेवाइकांची उत्तरं घ्यायची नसतात, तरी जेवणानंतर गंमत म्हणून मी तुलाही ते वाक्य वाचून दाखवलं. तुझ्याऐवजी तुझा नवरा डेलच बोलला, "ती सहमत आहे." तू कॉफी ढवळत राहिलीस. ताइमी, तू कॉफीत साखर घालत नाहीस.

जाऊ दे. कारिनला सांग, मावशीने तिचं चित्र फ्रिजवर लावलंय.

तुझी,
हेल्वी


सू, ओंटारियो
२० ऑक्टोबर १९८४

प्रिय ताइमी,

बारा दिवस झाले. फोन केला की डेल उचलतो आणि तू झोपलीयेस म्हणतो. दुपारी दोनलाही झोपलेली असतेस, तेव्हा म्हटलं पत्रच लिहावं.

तू मनात काही ठेवलं नसशील अशी आशा आहे. त्या सोमवारी आमच्याकडे आभाराचा सण, टर्की ओव्हनमध्ये, आणि टोरांटोहून आमचे साहेब, मि. ॲब्लेट, सपत्नीक जेवायला आलेले. सगळ्या उत्तर भागाची पाहणी माझ्याकडे द्यायची की नाही, हे ते त्या दिवशी ठरवणार होते. तू आधी कळवलं असतंस तर मी काहीतरी जमवलं असतं. तू अशी कारिनचा हात धरून मागच्या दारात, कोट अर्धा घातलेला, मनगट सुजलेलं. तूच म्हणालीस ना, सॉनाच्या पायरीवरून पडले? मग मी काय समजायचं?

मी तुला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, मनगटाला बर्फ बांधला. पोरीला पंपकिन पायचा तुकडा दिला. एक बहीण आणखी काय करते? तू म्हणालीस, "थोडे दिवस राहू दे." अगं, पण कोणत्या कागदांवर? लग्न झाल्यापासून तू तिकडची. पोर तर तिकडचीच. शाळा, दवाखाना, सगळ्याला कागद लागतात. आर्वोही म्हणाला, दुसऱ्याच्या संसारात आपण पडू नये.

डेलला तू इथे आहेस हे कसं कळलं कोण जाणे. पुलाच्या टोलनाक्यावर त्याचा चुलतभाऊ असतो ना, त्यानेच सांगितलं असणार. पण आला तेव्हा किती नीट वागला! टोपी काढली, साहेबांशी हात मिळवला, उभ्या उभ्या पंपकिन पाय खाल्ला. मला म्हणाला, "हिला सांभाळलंत, आभारी आहे." तुझा कोट त्याने स्वतः धरला. मिसेस ॲब्लेट नंतर म्हणाल्यासुद्धा, किती सभ्य माणूस.

शांतपणे बोल त्याच्याशी. तो चिडला की तूही चिडतेस, लहानपणापासूनची सवय तुझी.

तो भाग मला मिळाला. तुला सांगावंसं वाटलं.

हेल्वी


सू, ओंटारियो
१२ जानेवारी १९८५

ताइमी,

नाताळचं पार्सल परत आलं. वर डेलच्या अक्षरात 'नको' लिहिलंय. आत कारिनसाठी लाल हातमोजे होते. तिचे हात आता मोठे झाले असतील.

काल फोन केला तर श्वास ऐकू आला आणि ठेवला गेला. तूच होतीस ना? मी रागावले नाही. इथे खूप बर्फ पडलाय, नदी पार गोठली. थंडी ओसरली की मी येईन.

हेल्वी


सू, ओंटारियो
१५ नोव्हेंबर १९९२

प्रिय ताइमी,

मी आले नाही, हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षी आर्वोची पाठ, मग आईचं आजारपण. आईच्या अंत्यविधीलाही तू आली नाहीस तेव्हा वाटलं, आता तीच संबंध ठेवू इच्छित नाही. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

पाहणीची दुसरी फेरी आली. गेल्या गुरुवारी तुझ्या गल्लीत गेले. तुझ्या घराला निळा रंग दिलाय, दारात दुसऱ्याच कुणाची मोटार. मग विल्मा पोस्टमाचं दार वाजवलं. तिने मला ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही. मी तुझी बहीण आहे हे मी सांगितलं नाही, ताइमी. छातीवर ऑफिसचा बिल्ला होता, त्याच्या आड राहिले.

बापाच्या शेवटच्या शब्दाचं वाक्य आलं. "पूर्ण सहमत," ती म्हणाली, आठ वर्षांपूर्वीसारखीच. मी लिहून घेतलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेजारी लाकडाच्या वखारीतला तो डेल राहायचा ना?"

तिने चष्मा काढला. "तू कोण त्याची?"

"कोणी नाही. मागे आले होते तेव्हा त्यांच्याकडे कॉफी प्यायले होते."

"मग त्याच्या बायकोच्या हातची प्यायली असशील." आणि तिने सांगितलं. फेब्रुवारीतली सकाळ, तू पोरीला कडेवर घेऊन त्यांच्या अंगणातून बर्फात अनवाणी आलीस, डाव्या कानातून रक्त येत होतं. तिने तुम्हाला शिवणाच्या खोलीत ठेवलं. अकरा आठवडे. डेल तीनदा आला. तिन्ही वेळा तिचा नवरा गेर्रिट शिकारीची बंदूक मांडीवर घेऊन ओट्यावर बसला आणि हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. मग त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी मार्केट नावाच्या गावात तुला खोली बघून दिली, शाळेच्या स्वयंपाकघरात काम दिलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मिसेस पोस्टमा, तुम्ही तर म्हणता घरात शेवटचा शब्द बापाचा."

"म्हणतेच! शब्द म्हटलंय मी, बुक्की नाही." ती अशी तडकली की मी पेन खाली ठेवलं. "आणि मला काय पटतं ते राहू दे बाजूला. दारात बाई रक्ताळून उभी आहे, तिला आधी काय प्रश्नावली वाचून दाखवू? तिची एक सख्खी बहीण आहे म्हणे पलीकडे, कॅनडात. तिकडची माणसं फार सभ्य असतात असं ऐकलंय. तिने परत पाठवलं हिला." मग म्हणाली, "पुढचं वाक्य वाच. ओव्हनमध्ये ब्रेड आहे माझा."

मी पुढचं वाक्य वाचलं. त्यानंतरची एकवीस वाक्यंही वाचली.

पत्ता तिच्याकडूनच मिळवला. ऑफिसला हवाय असं खोटं सांगून.

कान आता कसा आहे? त्या टोलनाक्यावरच्या चुलतभावाने तेव्हा तोंड उघडलं नसतं तर सगळं वेगळं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

उत्तर पाठव. एक ओळ पाठवलीस तरी चालेल.

हेल्वी


सू, ओंटारियो
२७ मे २००१

ताइमी,

दर नाताळला तुला एक पत्र पाठवते, आणि तुझं एकही येत नाही. आर्वो गेल्याचं कळवलं तेव्हाही आलं नाही. म्हणून ठरवलं होतं की आता थांबायचं. पण मंगळवारी जे झालं त्यानंतर हे लिहावंच लागणार.

गेल्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीचे आकडे आले तसं इथल्या वाचनालयाने माझं भाषण ठेवलं. पन्नासेक खुर्च्या भरल्या होत्या. माझ्या गठ्ठ्यातले आकडे मी फळ्यावर लिहिले. आमच्या बाजूला बापाच्या शेवटच्या शब्दाला सहमत आधी बारा, मग आठ, आता पाच. तुमच्या बाजूला चौदा, तेरा, आणि आता सतरा. लोक माना डोलवत होते. मी म्हटलं, "सोळा वर्षांपूर्वी दोन काठ जवळजवळ सारखे होते. आज मधली नदी रुंद झाली आहे. आपण माणसाला माणूस म्हणून बघायला शिकलो, ते मागे वळून बघत राहिले." टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नंतर कॉफीच्या टेबलाशी एक उंच मुलगी आली. नर्सिंग शिकणाऱ्या मुली घालतात तसे पांढरे बूट. म्हणाली, "मावशी, मी कारिन."

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने हात पुढे केला, हात मिळवण्यापुरता.

"तुमच्याकडे यायला सतरा वर्षं लागली. पलीकडच्या कॉलेजातून गाडीने वीस मिनिटं लागतात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आई कशी आहे विचारा ना."

"कशी आहे?"

"बरी आहे. डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. तुमची पत्रं वाचते."

"मग उत्तर का नाही देत?"

"ती वाट बघते."

"कसली?"

कारिनने कप खाली ठेवला. "मावशी, त्या दिवशी मला बाथरूम सापडत नव्हतं. तुमच्या बोळात भिंतीवर फोन होता ना, त्याच्याशेजारी पाहुण्यांचे कोट टांगले होते. मी कोटांच्या मागे उभी होते. तुम्ही म्हणालात, 'डेल, ती इथे आहे. काळजी करू नकोस. पण लवकर ये, माझ्याकडे पाहुणे आहेत.' परत जाताना मी हे गाडीत बोलून दाखवलं, सहा वर्षांची होते मी. बाबा हसले. आईने ते ऐकलं."

माझ्या मागे कुणीतरी मला "फार छान बोललात" म्हणत होतं.

"टोलनाक्यावर बाबांचा कुणी चुलतभाऊ नव्हता," कारिन म्हणाली. "आई तुमचं प्रत्येक पत्र उघडते आणि बघते, मावशीने या वेळी ते एक वाक्य लिहिलंय का. मग ड्रॉवरमध्ये टाकते. ते वाक्य काय आहे तुम्हाला माहीत आहे. मी काही मागायला आले नाही. जाहिरात बघितली, म्हटलं ऐकून यावं."

आणि ती गेली.

तर ते वाक्य असं. मी डेलला फोन केला होता.

कुणी सांगितलं म्हणून नाही. आर्वो 'दुसऱ्याच्या संसारात पडू नये' असं कधीच म्हणाला नव्हता. तो टर्की कापता कापता माझ्या कानात म्हणाला होता, "वरची खोली रिकामी आहे." मी त्याला गप्प बस म्हटलं. नंतर चौदा वर्षं तो जिवंत होता आणि एकदाही मला टोचून बोलला नाही. फक्त वरच्या खोलीत तो कधी गेला नाही.

कागदांचं तर मी बहाणा म्हणून काढलं. त्या वेळी कुणी कागद बघत नव्हतं, पुलावर नुसता हात हलवला की सोडायचे. मनगट पायरीवरून पडून सुजलेलं नाही हेही मला दिसत होतं. चार बोटांचे वण होते. मी त्यांच्यावरच बर्फ बांधला, म्हणजे मला ते दिसले होते.

मला लाज वाटली, ताइमी. तुझ्यासाठी नाही, माझ्या स्वतःसाठी. बाहेरच्या खोलीत साहेब म्हणत होते की आमच्या बाजूची माणसं हात उगारून प्रश्न सोडवत नाहीत, आणि आत माझी बहीण तशी बसली होती. टेबलावरचं बोलणं मध्येच तुटू नये एवढंच मला हवं होतं. दोन मिनिटं लागली फोनला. त्यासाठी तुझा कान गेला.

माझे आकडे खोटे नाहीत. लोकांनी खरंच तसं सांगितलं. मला कुणी विचारलं असतं तर मीही असहमतच म्हटलं असतं, अगदी मनापासून. विल्मा पोस्टमा तीनही वेळा सहमत म्हणाली. माझ्या गठ्ठ्यात ती मागे वळून बघणाऱ्यांत आहे आणि मी पुढे गेलेल्यांत. हे फळ्यावर लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता, असं म्हणणार होते. पण तेही सोयीचंच झालं. रकाना नव्हता म्हणून नाही, मला लिहायचं नव्हतं म्हणून.

माफी मागण्याचा हक्क मला नाही. तरी मागते.

हेल्वी


सू, ओंटारियो
१९ नोव्हेंबर २००१

ताइमी,

तू 'नको' म्हणालीस. हे शेवटचं. यात काही मागणं नाही.

पाच महिने वाट बघितली आणि शुक्रवारी न कळवता निघाले. पुलावर आता ट्रकांची रांग नदीच्या मधोमध पोचलेली असते. सप्टेंबरपासून सगळ्यांची झडती. चौकीतल्या पोराने विचारलं, "जाण्याचं कारण?" म्हटलं, बहिणीला भेटायचंय. "शेवटचं कधी भेटलात?" मी खरं वर्ष सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीची डिकी उघडायला लावली, सीटखालीसुद्धा हात घालून बघितलं. सतरा वर्षांनी बहिणीकडे निघालेल्या बाईचा संशय येणारच.

तू दार उघडलंस. केस आखूड केलेस, शोभतात. मी दारातच, रस्ताभर पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. थांबले असते तर जमलं नसतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "त्या बाजूने बोललेलं मला ऐकू येत नाही, ताई."

मला दुसऱ्या बाजूला जाऊन ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते फार छोटं झालं. मी फोन केला होता. मी खोटं लिहीत राहिले. चुकले.

तू आत ये म्हणाली नाहीस, पण दारही लावलं नाहीस. तुझ्या मागे स्टोव्हवर माशांचा रस्सा उकळत होता, आई करायची तसा, शेपूचा वास येत होता.

"जून महिन्यात मिळालं तुझं पत्र," तू म्हणालीस. "मला वाटायचं, ती ओळ वाचली की काहीतरी सुटेल. रडू येईल, नाहीतर तुला फोन करून शिव्या तरी घालीन. मी वाचली. दोनदा वाचली. मग भांडी घासली."

मी म्हटलं, "उशीर झाला का?"

"तसं नाही गं. उशिरा आलेलंही एखाद्याला लागतं. मला ते लागायचं कधी थांबलं, मलाच कळलं नाही." तू ॲप्रनला हात पुसत होतीस, पुन्हा पुन्हा. "विल्मा मार्चमध्ये गेली, तेव्हा मी रडले. दोन दिवस. तिच्या चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभी राहून बोलले, मी, जिला दुकानात बोलायची लाज वाटते. तुझ्यासाठी माझ्याकडे तेवढं काही उरलं नाही. रागसुद्धा नाही. तुला राग तरी हवा होता ना?"

मी हो म्हटलं.

"कारिनला भेटत जा," तू म्हणालीस. "ती नाही म्हणाली तर मात्र तिच्या मागे लागू नकोस."

"आणि तुला?"

"नको."

तू ते शांतपणे म्हणालीस, दूधवाल्याला आज नको म्हणावं तसं. मग स्टोव्हवरचं उतू जायला लागलं आणि तू आत गेलीस. मी थोडा वेळ थांबले. तू झाकण काढलंस, गॅस बारीक केलास, चमच्याने चव बघितलीस, मीठ घातलंस. परत दाराकडे आली नाहीस. तेव्हा मीच बाहेरून हलकेच दार ओढून घेतलं, आतली ऊब जाऊ नये म्हणून.

हेल्वी